वेळापत्रकातले सात तास

“एम.फार्म.चं कोऑर्डिनेटरपद गळ्यात पडलंय मॅडम, अभ्यासक्रम कसा आखू?” असं तू परवा फोनवर विचारलंस आणि मला हसू आलं. तुला हसले नाही गं. मीही एकदा अशीच कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले होते. फोनवर ऐकलेलं तू विसरशील, वर्गातही विसरायचीस, म्हणून लिहून पाठवते.

आखायला तुझ्या हातात काय उरलंय ते आधी मोज. फार्मसी कौन्सिलच्या २०१४च्या नियमावलीने विषय, तास, क्रेडिट सगळं बांधून दिलंय. पहिल्या सेमिस्टरला थिअरीचे ४ विषय, प्रत्येकी ४ क्रेडिट. प्रॅक्टिकल आठवड्याला १२ तास, त्याचे ६ क्रेडिट. यातलं काही तुला हलवता येणार नाही, आणि हलवायला जाऊही नकोस. पण आठवड्याच्या एकूण ३५ तासांत तळाला एक ओळ असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. सेमिनार/असाइनमेंट, ७ तास, ४ क्रेडिट, १०० गुण. म्हणजे एका अख्ख्या थिअरीच्या विषयाइतकं वजन. बहुतेक ठिकाणी वेळापत्रकात त्यापुढे ‘लायब्ररी’ लिहिलेलं असतं आणि मुलं कॅन्टीनमध्ये सापडतात. नाहीतर ते तास शुक्रवारी दुपारी ढकललेले असतात, म्हणजे पोरं चारची एसटी पकडायला मोकळी.

ते सात तास ताब्यात घे. मंगळवारी तीन, गुरुवारी चार, दोन्हीही सकाळचे. बाकीचे शिक्षक कुरकुरतील. चहा पाज, पण तास सोडू नकोस. तुझा अभ्यासक्रम म्हणून जो काही असेल तो तेवढ्यातच बसणार आहे.

त्यात पहिलं काय घालायचं? संख्याशास्त्र. रिसर्च मेथडॉलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्स हा पेपर येतो तिसऱ्या सेमिस्टरला, आणि प्रबंधाचं प्रपोजल मांडायचं तेही तिसऱ्याच सेमिस्टरला. वरातीमागून घोडं. म्हणून मी मुलांना पहिल्याच आठवड्यात गोळ्या तोलायला बसवायचे. ५०० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलच्या २० गोळ्या, बर्फाच्या ट्रेमध्ये, प्रत्येक खणावर मार्करने आकडा. पंधरा जणांनी त्याच वीस गोळ्या, त्याच तराजूवर, एकामागून एक तोलायच्या आणि आकडे फळ्यावर मांडायचे. इंडियन फार्माकोपियाची मर्यादा या वजनाच्या गोळीला ५ टक्के, त्यात गोळ्या पास होतातच. तो प्रश्नच नसतो. प्रश्न हा, की गोळ्या त्याच असून पंधरा जणांचे आकडे पंधरा तऱ्हांचे का?

मध्येच मी गुपचूप पंखा लावून द्यायचे. तराजूची काच उघडी ठेवून तोलणाऱ्यांचा शेवटचा आकडा नाचायला लागायचा. कुणी नाचता आकडाच टिपायचं, कुणी बरा दिसला तो. एकच मुलगी दर वेळी काच लावून, आकडा ठरेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसली होती. आज ती गोव्यात एका कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे, आणि मला त्याचं जराही आश्चर्य वाटलं नाही. आणखी एक गंमत. शेवटच्या मुलापर्यंत ट्रे पोचतो तोवर गोळ्यांच्या कडा झिजून वजनं थोडी उतरलेली असतात. चिमटा कसा धरला, ट्रे कितीदा आपटला, सगळं आकड्यांत उतरतं. सरासरी, प्रमाण विचलन, चूक कुठून शिरते, गोळीचा ठिसूळपणा, एवढं सगळं एका सकाळीत होतं आणि पुस्तक उघडावंही लागत नाही. आणि हो, शेजारच्याचे आकडे चौथ्या दशांशापर्यंत उतरवणारा त्याच सकाळी सापडतो. त्याला ओरडू नकोस. त्याचेच आकडे फळ्यावर शेजाऱ्याच्या आकड्यांजवळ लिही आणि गप्प उभी राहा.

यावरून दुसरी गोष्ट. फेअर जर्नल बंद कर. बी.फार्म.ला चार वर्षं पोरं सीनियरचं जर्नल समोर ठेवून सुवाच्य अक्षरात कॉपी करतात, आणि क्वालिटी अॅश्युरन्सच्या वर्गात हीच पोरं डेटा इंटिग्रिटीवर वीस स्लाइड दाखवतात. नोंद करणाऱ्याची ओळख पटली पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, काम चालू असतानाच झाली पाहिजे, मूळची पाहिजे, अचूक पाहिजे. इंडस्ट्रीत याला ‘अल्कोआ’ म्हणतात, पोरांना तो शब्द पाठ असतो आणि रीडिंग तळहातावर लिहिलेलं असतं. त्यांना बांधीव वही दे, पानांवर छापील आकडे असलेली. पेनाने लिहायचं, चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर लॅबमध्ये दिसला की जप्त. वहीवर अॅसिडचा डाग पडला तर पडू दे. मी डागाळलेल्या वहीला कधी गुण कापले नाहीत. कोऱ्या करकरीत वहीचा मात्र मला फार संशय यायचा.

आता एचपीएलसी. यंत्र एक, मुलं तीन शाखांची, आणि अॅनालिटिकल टेक्निक्सचा पेपर सगळ्यांना एकाच सेमिस्टरला. रांग लागणार. प्रत्येकाला यंत्र शिकवायचं म्हणून दहा-दहा जणांना भोवती उभं करून दाखवू नकोस, मागच्या रांगेला पुढच्यांच्या पाठीच दिसतात. मागच्या बॅचची क्रोमॅटोग्रॅम छापून ठेव, चांगली आणि बिघडलेली दोन्ही: शेपूट निघालेला पीक, दोन पीक एकमेकांत घुसलेले, बेसलाइन वर सरकत चाललेली. बिघाड कुठे असेल हे आधी कागदावर ओळखू दे. मग दोघा-दोघांना तीन तास यंत्र द्यायचं, आणि त्यातला शेवटचा पाऊण तास फक्त कॉलम धुण्याचा.

हा पाऊण तास मी महागात शिकले. मी शिकवत होते त्या एका कॉलेजात गणपतीच्या सुट्टीआधी फॉस्फेट बफर कॉलममध्ये तसाच ठेवून सगळे गावी गेलो. आल्यावर यंत्र चालू केलं तर प्रेशर चढत चाललेलं, आणि घाबरून एका मुलाने थेट शुद्ध अॅसिटोनायट्राइल सोडलं. उरलंसुरलं मीठही आत बसलं. कॉलम गेलाच, पंपाचे सीलही गेले. आधी बफर वगळून त्याच प्रमाणात पाणी आणि सॉल्व्हंट, मग सॉल्व्हंट वाढवत न्यायचं, हा क्रम पोरांकडून स्वतःच्या हातांनी करून घे. मुलाला मी काही बोलले नाही. चूक वेळापत्रकाची होती, धुण्याचा तास मीच धरला नव्हता.

प्रबंधाच्या विषयांचं सांगते, तिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. कॅलेंडर उलटं वाच. प्रबंध सादर करायचा मे महिन्यात, एक महिना लिहायला. स्टॅबिलिटीच्या वेगवर्धित चाचणीला ४० अंश, ७५ टक्के आर्द्रता आणि ६ महिने लागतात. म्हणजे शेवटची ठरलेली बॅच दिवाळीच्या सुट्टीआधी चेंबरमध्ये जायला हवी. आपली मुलं फॉर्म्युला पक्का करतात फेब्रुवारीत आणि प्रबंधात ‘एक महिन्याची स्टॅबिलिटी’ लिहून मोकळी होतात. परीक्षकही मान डोलावतो, कारण त्याच्या कॉलेजातही तेच चाललंय. दिवाळी गाठायची तर औषधाचा नमुना हातात कधी हवा? कंपन्यांकडे पत्र पाठवून फुकट नमुना मागायचा तर उत्तराला दोन-दोन महिने जातात, कधी येतच नाही. म्हणून माझा नियम होता: बाटली कपाटात आल्याशिवाय शीर्षक नोंदवायचं नाही. फार्माकॉलॉजीवाल्यांना तर प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, त्यांचा अर्ज दुसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षेआधीच टाइप झालेला असू दे.

आणि चेंबरजवळ लाईट जाण्याची नोंद ठेवायला एक वही लटकव. ती कुणी भरत नाही. तरी लटकव.

जर्नल क्लबवर फार शक्ती घालवू नकोस. पीपीटीला बंदी, पेपरमधली एकच आकृती फळ्यावर हाताने काढायची, आणि तिच्यात लेखकाने काय दाखवलं नाही ते सांगायचं. बस.

पण एक असाइनमेंट माझ्यासाठी ठेव. १९८६ला मी नुकती नोकरीला लागले होते, तेव्हा मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ होती. चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला. दोन्ही द्रव रंगहीन, दाट, गोडसर. डोळ्यांना फरक कळत नाही. मुलांना एवढंच सांगायचं: ग्लिसरीनचा एक कॅन पुरवठादारापासून रुग्णाच्या तोंडापर्यंत कागदावर चालव. वाटेत कुणाकुणाच्या सह्या लागतील ते लिही, आणि त्यातली कुठली सही तू केली नसतीस, कुठली चाचणी पाहिल्याशिवाय, तेही लिही. तीन पानं, हस्ताक्षरात. पहिल्या वर्षी मी हे दिलं तेव्हा लातूरकडच्या एका मुलाने फक्त दीड पान लिहिलं होतं. पण त्याने सहीच्या प्रत्येक जागेपुढे स्वतःचं नाव टाकलं होतं, दुकानदाराच्या, परीक्षकाच्या, स्टोअरकीपरच्या, आणि एका जागी नाव लिहून खोडलं होतं. एकच रेघ, शेजारी सही आणि तारीख.

त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले, आणि त्यावरून स्टाफरूममध्ये बरंच ऐकूनही घेतलं.

वेळापत्रक तयार झालं की फोटो पाठव, सात तास कुठे बसवलेस ते मला पाहायचंय. आणि बर्फाचा ट्रे विकत घेऊ नकोस. माझा आहे अजून, फ्रिजवर. तेरा आणि चौदाचे आकडे पुसले गेलेत, तेवढे नवीन मार्करने काढून घे.