टाकाऊंतून घडलेलें राज्य

चंदिगडचे रस्ते ल कॉर्बुझिए ह्या जगद्विख्यात स्थापत्यविशारदानें पट्टी ठेवून रेघा ओढाव्या तसे सरळ आंखले. त्याच शहराच्या कडेस, सुखना तलावाजवळ, वाकड्यातिकड्या वाटांची एक बाग आहे. तिचे कर्ते नेकचंद सैनी, ज्यांची ओळख आम्ही येथें करून देत आहों, हे कोणा कलाशाळेचे पदवीधर नव्हते. सरकारी बांधकाम खात्यांत ते रस्त्यांचे निरीक्षक होते.

त्यांचा जन्म १९२४ सालीं ज्या खेड्यांत झाला तें फाळणीनंतर पाकिस्तानांत गेलें, व सैनी कुटुंब निर्वासित होऊन इकडे आलें. चंदिगड उभारण्यासाठीं कित्येक जुनीं गांवें पाडण्यांत आलीं होतीं. स्वतः घरास मुकलेले हे गृहस्थ त्या ढिगाऱ्यांतून फुटकीं भांडीं, काकणांचे तुकडे, विजेचें चिनी मातीचें मोडकें सामान वेंचून सायकलवरून नेऊं लागले. जागा राखीव जंगलाची. तेथें झोपडी बांधण्यासही मनाई. म्हणून १९५७-५८ च्या सुमारास आरंभिलेलें हें काम नोकरीची वेळ संपल्यावर, चोरून चाले.

आतां ह्या मूर्ती कशा घडतात तें पाहूं. आंत मोडक्या सायकलीचा सांगाडा किंवा लोखंडी सळी, तिच्यावर सिमेंट, आणि वर फुटक्या बशांचे वा काकणांचे तुकडे. कित्येक बायकांचा पोषाख निव्वळ काकणांचा! डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका, वानरें, शिपाई, वाजंत्री असे शेंकडों जण रांगेनें उभे आहेत. जणुं पाडलेल्या गांवांतील माणसेंच जत्रेस निघालीं आहेत. एकाही देहांत शिल्पशाळेची प्रमाणबद्धता नाहीं. ती असती तर ही गंमत, आमच्या मतें, खात्रीनें हरवली असती.

सुमारें पंधरा वर्षांनीं ही गोष्ट अधिकाऱ्यांस कळली. कायद्यानें पाहिलें तर सारें अतिक्रमण, आणि अतिक्रमण म्हटलें कीं पाडणें आलेंच. पण लोकमत नेकचंदांच्या बाजूस उभें राहिलें. १९७६ त बाग सर्वांस खुली झाली, पन्नास मजूर मदतीस मिळाले, व पूर्वीं जें चोरून करावें लागे त्याचाच पगार मिळूं लागला! १९८४ त पद्मश्री आली. १९८६ त वॉशिंग्टन येथील मुलांच्या संग्रहालयांत त्यांची तशीच बाग उभी राहिली.

तथापि भय सरलें नाहीं. १९९० च्या सुमारास रस्त्यासाठीं बुलडोझर आले, तेव्हां नागरिकांनीं हातांत हात गुंफून ते अडविले. नेकचंद १२ जून २०१५ रोजीं वारले. २०२५ मध्यें उच्च न्यायालयाच्या वाहनतळासाठीं बागेच्या भिंतीचा एक भाग पाडण्यांत आला; ह्या वेळीं नागरिकांचा विरोध पुरा पडला नाहीं.