डोंगरावरील रानाचे तुकडे

एखाद्या डोंगरावर रान किती आहे, हें आपण बहुधा विचारतों. पण तें कशा रीतीनें पसरलें आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक डोंगराचें आरोग्य या दुसऱ्या प्रश्नावरहि पुष्कळ अंशीं अवलंबून असतें.

प्रथम थोडें गणित करूं. एक चौरस किलोमीटर, म्हणजे १०० हेक्टर, क्षेत्राचें चौकोनी रान आहे असें समजा. रानाच्या कडेनें ऊन, वारा, वणवा व गुरें आंत शिरतात. त्यांचा उपद्रव १०० मीटरपर्यंत पोहोंचतो असें धरलें, तर मधला ६४ हेक्टर भाग सुरक्षित राहतो. आतां याच रानाचे सारखे चार चौकोनी तुकडे करून ते दूरदूर ठेविले, तर प्रत्येकाच्या पोटांत ९ हेक्टर, म्हणजे एकंदर ३६ हेक्टर भाग उरेल. सोळा तुकडे केले, तर उरेल अवघा ४ हेक्टर! रानाचें क्षेत्रफळ एका गुंठ्यानेंहि घटलें नाहीं. तरी त्याचा गाभा जवळजवळ नाहींसा झाला.

या गाभ्याचें महत्त्व काय? दाट झाडीखालीं पालापाचोळ्याचा थर ओलावा धरून ठेवितो. गांडुळें, बुरशी व किडे त्याची माती करितात, आणि पावसाचें पाणी जमिनींत मुरतें. कडेला मात्र माती वाळते, व परदेशांतून आलेली घाणेरी माजून रोपट्यांस वाढूं देत नाहीं. शेकरू झाडावरून झाडावर उड्या मारीत हिंडतो. फांद्यांची साखळी तुटली कीं त्याचा मार्ग खुंटतो. धनेश पक्षी फळें खाऊन बिया दूरवर टाकितो. त्याला घरट्यासाठीं जुन्या वृक्षांच्या ढोली लागतात. ते वृक्ष गेले म्हणजे धनेश जातो, आणि धनेश गेला म्हणजे नव्या वृक्षांची पेरणी मंदावते.

सपाटीपेक्षां डोंगरावर ही गोष्ट अधिक गंभीर आहे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत झाडीचा एकच उभा पट्टा तोडला, तर पावसाचें पाणी अडथळ्यावांचून धांवत येतें व माती घेऊन जातें. तितकींच झाडें तोडली, पण मधून मधून आडवे हिरवे पट्टे राखले, तर तेंच पाणी थबकतें आणि मुरतें.

आपल्या न्हावा-शेव्याशीं याचा संबंध आहे. पूर्वेकडील माथेरानच्या डोंगरांत उगम पावलेली गाढी नदी पनवेलच्या खाडीस मिळते. तिकडच्या उतारावरून सुटलेली माती याच वाटेनें खाडीकडे येते. आग्नेयेस कर्नाळा आहे. तेथें १९६८ सालीं ४.४८ चौरस किलोमीटरचें पक्षी-अभयारण्य स्थापन झालें, व २००३ सालीं तें १२.११ चौरस किलोमीटर करण्यांत आलें. ही आनंदाची गोष्ट होय. तथापि मुंबई-गोवा महामार्ग त्या रानांतूनच जातो. इकडे १९८९ सालीं आपलें बंदर सुरू झालें. पुढें नव्या विमानतळासाठीं उलव्याची टेकडी तोडण्यांत आली व उलवे नदीचा प्रवाह वळविण्यांत आला. डोंगर आणि खाडी यांमधील दुवे असे एकेक करून तुटतात.

रस्ते व बंदरें नकोत, असें कोणी म्हणणार नाहीं. त्यांवर कितीतरी कुटुंबांची भाकरी आहे. परंतु तीं कोठें व कशीं बांधावीं, याचा विचार करितां येतो. नागपूरजवळ पेंचच्या रानांतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ खालून श्वापदांसाठीं वाटा ठेविल्या आहेत, आणि वाघसुद्धां त्यांचा उपयोग करितो. आपल्या पूर्वजांनीं राखलेल्या देवराया लहान असल्या, तरी एका रानांतून दुसऱ्या रानांत जाणाऱ्या पक्ष्यांस त्या मुक्कामाच्या जागा होतात. ओढ्यांच्या दोन्ही कांठांवरील झाडी राखली, तर तीहि डोंगरास खाडीशीं जोडून ठेवील.

या सुटींत आपल्या तालुक्याचा नकाशा घ्या. त्यांतील रानांचे तुकडे हिरव्या पेन्सिलीनें रंगवा, त्यांमधील अंतरें मोजा, आणि कोणते दोन तुकडे थोड्या झाडांनीं जोडतां येतील तें शोधा. वृक्षारोपणाच्या दिवशीं शाळेनें रोपें कोठें लावावीं, याचें उत्तर त्या नकाशांत सांपडेल.