किफायतशीर डीजे मिक्सरची निवड : मंडळांसाठी व होतकरू तरुणांसाठी काही उपयुक्त सूचना

गावोगावच्या आपल्या मंडळांना वर्षातून दोन-चार वेळा तरी ध्वनिसंच लागतोच. १४ एप्रिल असो, वैशाख पौर्णिमा असो, कव्वालीचा मुकाबला असो की एखाद्या घरचे लग्न असो. पूर्वी भोंगा आणि अॅम्प्लिफायर भाड्याने आणला की काम भागत असे. अलीकडे मात्र पुष्कळ मंडळे स्वतःचा संच घेऊ लागली आहेत व काही तरुण डीजेचा धंदाच करू पाहत आहेत. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु वर्गणीचा पैसा असो वा कर्जाचा, तो खर्च करण्यापूर्वी चार गोष्टी समजून घेणे अगत्याचे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही बँकेत काम करतो. ध्वनितंत्राचे शिक्षण आम्ही घेतलेले नाही. पण मंडळाचा हिशेब अनेक वर्षे आमच्याकडे असल्याने संच भाड्याने आणणे, विकत घेणे आणि दुरुस्त करून घेणे हे सारे आमच्या वाट्याला आले. मध्यंतरी लाखनीकडील तीन तरुण कोटेशन घेऊन आमच्या काउंटरवर आले. "काकाजी, आमाले एफेक्टवाला मिक्सर पायजे, लोन होते का?" असा त्यांचा प्रश्न होता. कोटेशनवर एफेक्टची संख्या ठळक अक्षरांत होती. माइक किती जोडता येतात, हे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते. त्यांना आम्ही जे सांगितले तेच येथे विस्ताराने मांडत आहोत.

मिक्सर दोन प्रकारचे

मिक्सर म्हणजे अनेक ठिकाणांहून येणारे आवाज एकत्र करून, त्यांचे प्रमाण ठरवून, पुढे अॅम्प्लिफायरकडे पाठविणारे यंत्र होय. बाजारात याचे दोन प्रकार मिळतात व नावाच्या घोळात येथेच फसगत होते.

पहिला प्रकार खऱ्या अर्थाने डीजे मिक्सर. यात साधारणतः दोन किंवा चार चॅनेल असतात. एका गाण्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी मध्ये आडवी सरकपट्टी असते, तिला क्रॉसफेडर म्हणतात. पुढचे गाणे लोकांना ऐकू न देता स्वतः ऐकण्यासाठी हेडफोनची सोय असते. उदाहरणार्थ, २०१७ साली बाजारात आलेले पायोनियरचे डीजेएम-२५० एमके-टू व डीजेएम-४५० हे दोन्ही मिक्सर दोन चॅनेलचे आहेत. पहिल्यात केवळ फिल्टर आहे, दुसऱ्यात इको, रिव्हर्ब यांसारखे तालाशी जुळणारे एफेक्ट आहेत. पण माइक दोहोंनाही एकच जोडता येतो.

दुसरा प्रकार सभा-संगीताचा मिक्सर. यात माइकची तोंडे जास्त असतात. यामाहाच्या एमजी-१० एक्सयू या लहान मिक्सरला चार माइक लागतात आणि त्यात २४ एफेक्ट अंगभूत आहेत. क्रॉसफेडर मात्र नाही.

आता वाचकांनीच विचार करावा. ज्या मंडळात एक सूत्रसंचालक, दोन गायक, एक ढोलकी व एक पेटी आहे, त्याने एका माइकचा महागडा डीजे मिक्सर घेऊन काय साधणार? आणि ज्या तरुणाला फक्त वरातीत गाणी जुळवायची आहेत, त्याला आठ माइकची तोंडे काय कामाची? तेव्हा प्रथम आपले काम कागदावर लिहावे, मग दुकानाची पायरी चढावी. दोन्ही कामे असतील तर सभा-संगीताचा लहान मिक्सर मुख्य ठेवावा व लॅपटॉपवर चालणारा डीजे कंट्रोलर त्याच्या स्टीरिओ चॅनेलला जोडावा. कंट्रोलरचे बरेचसे एफेक्ट लॅपटॉपमधील प्रोग्राममध्येच असतात, त्यामुळे त्यासाठी वेगळा खर्च पडत नाही.

एफेक्ट म्हणजे काय?

नावे पुष्कळ असली तरी उपयोगाचे एफेक्ट तीन-चारच आहेत. इको म्हणजे तोच आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकू येणे. रिव्हर्ब म्हणजे मोठ्या सभागृहात घुमल्यासारखा आवाज. फिल्टर म्हणजे जाड किंवा बारीक आवाज कापणे. फ्लँजर म्हणजे विमान डोक्यावरून गेल्यासारखा फिरता आवाज. ९९ एफेक्ट असे खोक्यावर लिहिलेले असते, पण त्यात बहुधा याच चौघांची भावंडे असतात.

इको तालात बसवावयाचा असेल तर साधे गणित आहे. गाण्यात मिनिटाला जेवढे ठोके असतील, त्या संख्येने ६०,००० ला भागावे. १०० ठोक्यांच्या गाण्याला ६०० आणि १२० ठोक्यांच्या गाण्याला ५०० मिलिसेकंद, म्हणजे अर्धा सेकंद, असे उत्तर येते. चांगला डीजे मिक्सर ठोके स्वतः मोजून हे गणित करतो. मिक्सर घेताना ही सोय अवश्य पाहावी, नाहीतर इको आणि ताल यांची फारकत होते.

दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे एफेक्ट कोणत्या आवाजावर लावता येतो. डीजे मिक्सरवर त्यासाठी निवडीचे बटण असते : चॅनेल एक, चॅनेल दोन, माइक की सर्व. सभा-संगीताच्या मिक्सरवर प्रत्येक माइकला एफेक्टचे वेगळे बटण असते. गायकाला थोडा रिव्हर्ब द्यावा, वक्त्याचे बटण शून्यावर ठेवावे. ज्या मिक्सरमध्ये एफेक्ट सर्वांवर एकदमच लागतो, तो कितीही स्वस्त असला तरी मंडळाने घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत कशामुळे झाले तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका जाहीर कार्यक्रमासाठी भाड्याने संच आणला होता. एक वयोवृद्ध शाहीर दूरवरून एसटीने आले होते. मिक्सरवरील मुलाने हौसेने इको वाढवून ठेवला. शाहिरांचा एकही शब्द धड कळेना. मागच्या रांगेतील बाया लेकरांना घेऊन उठू लागल्या. शाहीर दोन गीते म्हणून थांबले व आम्हाला एवढेच म्हणाले, "भाऊ, लोक माझा आवाज ऐकायला येत नाहीत, शब्द ऐकायला येतात." बिदागी आम्ही पूर्ण दिली, पण त्या रात्रीची भरपाई कोणत्या रकमेने होणार? चूक त्या मुलाची नव्हती. पैसे देणारे आम्ही होतो आणि बटणे ओळखणारे आमच्यात कोणी नव्हते.

नंतर कारण ध्यानात आले. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्पीकरसमोर ५० मीटरवर शाळेची भिंत असेल तर आवाज तिच्यावर आपटून स्पीकरपाशी परत येण्यास जवळपास ०.३ सेकंद लागतो. माणूस एका सेकंदात चार-पाच अक्षरे सहज उच्चारतो. म्हणजे मागचे अक्षर परत येते तोवर पुढचे अक्षर तोंडातून निघालेले असते. मैदानाने आधीच इको दिलेला असताना मिक्सरने आणखी देण्याची गरज काय? सिमेंटच्या समाजमंदिरात तर रिव्हर्ब भिंतीच देतात.

खरेदीपूर्वी काय तपासावे

१) प्रत्येक चॅनेलला जाड, मध्यम व बारीक आवाजाची तीन बटणे असावीत. वक्त्याच्या माइकचा जाड आवाज थोडा कमी केला की शब्द मोकळे होतात. यासाठी एफेक्ट लागत नाही.

२) बाहेर जाणारी जोडणी एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांची असावी. मंचापासून अॅम्प्लिफायरपर्यंत २०-३० मीटर वायर टाकली तरी तीत गुणगुण कमी शिरते. आरसीए जोडणी दोन-तीन मीटरपुरतीच बरी.

३) आवाजाची पातळी दाखविणारे दिवे असावेत. हिरवा चालतो, पिवळा अधूनमधून चालतो, लाल सतत पेटला तर आवाज फाटतो व स्पीकरचे ट्वीटर जळण्याचा संभव असतो. इको वाढविल्यावर पातळीही वाढते, हे विसरू नये.

४) सरकपट्ट्या दहा-वीस वेळा सरकवून पाहाव्यात. खरखर आली तर, विशेषतः जुना मिक्सर असल्यास, घेऊ नये. क्रॉसफेडर बदलून मिळतो काय हे विचारावे.

५) दुकानात आपलाच माइक व आपलेच गाणे घेऊन जावे. प्रथम एफेक्ट पूर्ण बंद करून ऐकावे. साधा आवाजच स्वच्छ नसेल तर एफेक्ट ऐकण्याची तसदी घेऊ नये.

६) पक्के बिल व हमीपत्र घ्यावे. दुरुस्ती नागपूरला होते की त्याहून दूर पाठवावे लागते, याची चौकशी करावी. हंगामात पंधरा दिवस बंद पडलेला मिक्सर हा स्वस्त मिक्सर नव्हे.

तसेच अर्थिंगची पिन कधीही काढू नये. सुरू करताना मिक्सर आधी व अॅम्प्लिफायर नंतर, बंद करताना याच्या उलट, हा क्रम पाळावा.

पैशाचा हिशेब

समजा, १२ टक्के व्याजाने २४ महिन्यांसाठी रु. ४०,०००/- कर्ज घेतले, तर मासिक हप्ता सुमारे रु. १,८८३/- येतो व एकूण व्याज सुमारे रु. ५,२००/- पडते. तेच रु. १५,०००/- घेतले तर हप्ता सुमारे रु. ७०६/-. लग्नसराई संपली तरी हप्ता थांबत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कामे नसताना तो कोठून भरणार, याचे उत्तर आधी शोधावे. धंदा करणाऱ्यास ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या शिशू गटात रु. ५०,०००/- पर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. परंतु कर्ज मिळते म्हणून पूर्ण मर्यादेचे घ्यावे असे नाही. मंडळाने वर्गणीतून घेतल्यास मिक्सरची नोंद मालमत्ता वहीत करावी व तो कोणाच्या ताब्यात आहे हे ठरावात लिहावे.

कायद्याची मर्यादा

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिवर्धकास लेखी परवानगी लागते. रहिवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल, त्याहून वाढता कामा नये. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. तेव्हा छाती दडपविणारा आवाज हे संच चांगला असल्याचे लक्षण मानू नये.

समारोप

त्या तीन तरुणांनी आमचे ऐकून कोटेशन बदलून आणले. चार माइकचा, प्रत्येक माइकला एफेक्टचे वेगळे बटण असलेला लहान मिक्सर त्यांनी घेतला व उरलेल्या पैशात दोन चांगले माइक आणि पक्क्या वायरी आणल्या. पुढच्या कार्यक्रमात आम्ही मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. मंचावर एक शाळकरी मुलगी भाषण करीत होती. तिचा प्रत्येक शब्द आमच्यापर्यंत पोहोचत होता.

आपल्या आईवडिलांच्या पिढीला बोलण्याची संधी कमी मिळाली. आज आपल्या लेकरांच्या हाती माइक आहे. त्या माइकमागचा मिक्सर निवडताना त्यांचे शब्द आधी आणि एफेक्ट नंतर, एवढे पथ्य मंडळांनी पाळावे, हीच विनंती.