इंग्रजीचा अपरिचित उतारा

दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या ८० गुणांत पाठ्येतर उताऱ्याला १० आणि सारांशाला ५ गुण असतात. आमची मुले मात्र पाठ केलेल्या पत्रांवर विसंबतात. प्रथम प्रश्न वाचावेत, मग उतारा. शब्द अडला तरी थांबू नये. पुढील वाक्य बहुधा त्याचा अर्थ सांगते. सारांश स्वतःच्या वाक्यांत लिहावा, शीर्षक विसरू नये.

हिंजवडीच्या आयटी पार्कात झाडलोट करणाऱ्या, पहारा देणाऱ्या पालकांची मुले आमच्याकडे आहेत. सुट्टीत एकीने तेथील फाटकावरची इंग्रजी सूचना उतरवून आणली. तिच्या आईला ती रोज दिसे, कळत नसे. वर्गाने त्या सूचनेवर पाच प्रश्न काढले, अनुवादाचा सराव म्हणून ती मराठीत उतरवली आणि एक प्रत आम्ही आईकडे पाठविली.