जिवाणू अन्न आत कसे घेतात?

सोयाबीन, तूर, हरभरा पेरताना आपण बियाण्यास रायझोबियम जिवाणू संवर्धकाची प्रक्रिया करतो. एखाद्या वर्षी मुळांवर भरपूर गाठी येतात, तर एखाद्या वर्षी पाकीट वापरूनही गाठी दिसत नाहीत. अशा वेळी दोष संवर्धकाला दिला जातो. परंतु पुष्कळदा पाकीट चांगले असते, जिवाणू मात्र पेरणीपूर्वीच निकामी झालेले असतात. असे का होते, हे समजण्यासाठी जिवाणू अन्न कसे घेतात हे पाहिले पाहिजे.

चढावरचे काम

जिवाणूला तोंड नाही आणि पोटही नाही. पेशीभोवती स्निग्ध पदार्थ व प्रथिने यांचे अतिशय पातळ पटल असते. त्यातून पाणी व प्राणवायू सहज जातात, परंतु साखर, स्फुरद, अमिनो आम्ले यांना तशी वाट मिळत नाही. शिवाय जमिनीतील पाण्यात ही द्रव्ये थोडी आणि पेशीत जास्त असतात. पाटाचे पाणी उताराने आपोआप जाते, चढावर न्यावयाचे तर पंप लागतो. जिवाणूंचेही तसेच आहे.

पंप कशावर चालतो?

श्वसनात अन्नाचे ज्वलन होऊन जी शक्ती मिळते, तिच्या साहाय्याने जिवाणू हायड्रोजनचे धनभारित कण, म्हणजे प्रोटॉन, पटलाबाहेर ढकलतात. विहिरीचे पाणी उपसून उंच टाकीत भरावे, तसा हा साठा असतो. बाहेर साठलेले प्रोटॉन परत आत येऊ पाहतात आणि त्यांच्या या ओढीवर कामे होतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली. तिच्यासाठी त्यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अन्न येण्याच्या दोन प्रमुख वाटा

१) पटलातील विशिष्ट प्रथिनातून आत येणारा प्रोटॉन अन्नाचा कण सोबत घेऊन येतो. गाठीतील रायझोबियम पिकाने दिलेले मॅलिक आम्ल याच रीतीने घेतो.

२) काही प्रोटॉन पटलातील एका फिरत्या विकरातून आत येतात. पाण्याच्या धारेने चक्र फिरावे तसे ते फिरते आणि एटीपी हे शक्तियुक्त संयुग तयार होते. स्फुरद दुर्मिळ असेल, तेव्हा अनेक जिवाणू एटीपी खर्चून तो आत ओढतात.

हवेतील नत्राच्या एका रेणूचा अमोनिया करण्यास किमान १६ एटीपी लागतात. म्हणजे पंप थांबला की अन्न थांबते आणि नत्र स्थिरीकरणही थांबते.

शेतात काय करावे?

* पाकीट थंड व सावलीच्या जागी ठेवावे आणि मुदतीपूर्वी वापरावे. उष्णतेने पटल खराब होते व प्रोटॉनचा साठा गळून जातो. फुटक्या टाकीत पाणी राहत नाही, तसेच हे आहे.
* गुळाचे द्रावण उकळले असल्यास पूर्ण थंड झाल्यावरच त्यात संवर्धक मिसळावे.
* २५० ग्रॅम संवर्धक १० ते १५ किलो बियाण्यास चोळावे, बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे.
* बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी व जिवाणूंची शेवटी करावी. संवर्धक रासायनिक खतात मिसळू नये.
* शेतात पाणी साचू देऊ नये, चर काढून निचरा करावा. प्राणवायू कमी पडला की गाठींचे काम मंदावते.

पीक फुलोऱ्यात असताना एखादे रोप मुळासकट अलगद उपटून गाठ कापून पाहा. आतून गुलाबी असेल तर जिवाणूंचे काम जोमात सुरू आहे असे समजावे. हिरवट किंवा करडी असेल तर निचरा व बीजप्रक्रिया यांत कोठे चूक झाली ते तपासावे. पाकिटाचा खर्च थोडा असतो, पण त्यातील जिवाणू जिवंत राहिले तरच तो सार्थकी लागतो.