पेटीवर जॅझ

जतमध्ये मला जॅझ शिकवणारं कोणी भेटलं नाही. भजनाला पेटी धरायची सवय, मोबाईल, कानातले हेडफोन आणि लग्नाच्या बँडमधले दोन वादक, एवढ्यावर शिकणं सुरू झालं. पुढे लिहिलंय ते भजनात, बँडमध्ये किंवा घरी पेटी वाजवणाऱ्यांसाठी. पियानोच्या क्लासमधून आलेल्यांची वाट वेगळी असते.

१. हे संगीत परक्याचं नाही

१९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. तिथे जॅझ साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या नाचासाठी वाजत होता. पण तो त्या दिवाणखान्यात कोंडून राहिला नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईत आले. रात्री हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवू लागले. आल्दोनाचे ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्यांतलेच. ते संगीतकार सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले आणि १९५१ च्या 'अलबेला' सिनेमात त्या सहवासाचं फळ ऐकू येतं. सी. रामचंद्र पुणतांब्याचे. त्यांचे गुरू विनायकबुवा पटवर्धन मिरजेचे. म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्यातली एक वाट थेट मुंबईच्या जॅझपर्यंत जाते. ही गोष्ट कळल्यावर माझं बिचकणं गेलं. म्हणून ती सगळ्यात आधी सांगितली.

२. पहिली चीज 'सो व्हॉट' घ्या

ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या १९५९ च्या तबकडीवरची ही पहिली रचना. सुरुवातीला थोडा वेळ पियानो आणि बास संथ वाजतात. मग बास एकेक ओळ म्हणतो आणि बाकीचे दोन सुरांत जबाब देतात. भजनात पुढचा म्हणतो आणि मागचे झेलतात, तसंच हे झेलणं. कान तिथे लगेच रमतो.

पेटीवाल्याला ती का सोपी, ते नीट समजून घ्या. पांढरी दोनचा सा धरा आणि काफी थाट वाजवा. सगळ्या पट्ट्या पांढऱ्या येतात. सोळा बार हेच चालतं. बार चार मात्रांचा, म्हणजे तीनतालाची चार आवर्तनं. मग अख्खा थाट अर्धा सूर वर सरकतो आणि काळी दोनचा सा होतो. आता पाचही काळ्या पट्ट्या लागतात आणि पांढऱ्या फक्त दोन. तिथे दोन आवर्तनं राहायचं, पुन्हा पांढरी दोनवर यायचं आणि दोन आवर्तनं वाजवायची. झाली एक फेरी, बत्तीस बार. याच फेरीवर सगळे आळीपाळीने आपली उपज करतात.

आधी नुसती फेरी मोजायला शिका. रेकॉर्ड लावून हातावर आवर्तनं धरा. सा कुठे सरकला ते डोळे मिटून सांगता आलं की मगच पेटी उघडा.

३. तंबोरा बंद करा

हे मला सगळ्यात अवघड गेलं आणि माझ्या मते पेटीवाल्याचं खरं शिक्षण इथेच आहे. मिरज तंबोऱ्यांचं गाव. आमच्या कानाला सा म्हणजे जमीन. एकदा लागला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. रागात आपण कितीही लांब गेलो तरी परतायची जागा ठरलेली असते. जॅझमध्ये ती जागाच फिरते, कधी दोन-दोन बारांनी. आपण उपजेला घाबरत नाही, ती रोज करतो. घाबरतो ते या हलत्या जमिनीला.

जत तालुक्याच्या पूर्वेला, उमदी-संखकडे, माणसं मराठीत वाक्य सुरू करून कन्नडमध्ये संपवतात आणि कोणालाच अडखळायला होत नाही. सा बदलणं तसंच अंगवळणी पडायला हवं. त्यासाठी मोबाईलवरचा तंबोरा बंद ठेवून रियाज करायचा. एकच छोटी फिरत, समजा नि सा ग म, पांढरी दोनवर म्हणायची आणि लगेच काळी दोनवर. पेटीवर नाही, गळ्यातून. गळा सरकला की बोटं मागून येतात.

४. दोन बोटं पुरतात

यूट्यूबवर दोन्ही हातांनी दहा-दहा सूर दाबणारे पियानोवादक बघून पेटीवाला खचतो, कारण त्याचा एक हात भात्यावर अडकलेला. पण कॉर्डचा, म्हणजे एकत्र दाबलेल्या सुरांचा, स्वभाव दोन सुरांत असतो, तिच्या तिसऱ्या आणि सातव्या सुरात. पांढरी एकचा सा धरून जॅझमधली सगळ्यात नेहमीची चाल बघा : रिषभाची कॉर्ड, मग पंचमाची, मग षड्जाची. पहिलीला म आणि वरचा सा दाबा. दुसरीला सा उतरून नि होतो, म तिथेच. तिसरीला म उतरून ग होतो, नि तिथेच. दरवेळी एकच बोट, तेही अर्धाच सूर हलतं. शेजारी कोणी सा, प, रे यांपैकी त्या-त्या कॉर्डचा मूळ सूर खाली धरला तर खोली भरून जाते. ही तीन पावलं हातात बसली की शेकडो जॅझ गाण्यांचे सांधे ओळखू येतात. बाराही पट्ट्यांत बसवा. कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय मला सापडला नाही.

५. ब्लूज बारा बारांचा

ब्लूज ही जॅझमधली आणखी एक फेरी. तिच्या कॉर्ड अशा : सा चार बार, म दोन, सा दोन, प एक, म एक, सा दोन. अठ्ठेचाळीस मात्रा, म्हणजे केरव्याची सहा आवर्तनं. तिन्ही कॉर्डना आपापला कोमल निषाद जोडायचा. हे पाठ करून टाका.

६. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी

आपला सगळा भार समेवर. जॅझमध्ये सम मनात ठेवून टाळी दुसरीवर आणि चौथीवर द्यायची. चालताना करून बघा : डावं पाऊल एक, उजवं दोन, आणि चुटकी फक्त उजव्यावर. एका मात्रेचे दोन तुकडेही सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड, साधारण दादऱ्याच्या चालीतल्या तीन भागांपैकी दोन आणि एक. लय वाढली की ते सारखे होत जातात. हे डोलणं मोजून येत नाही, ऐकून येतं.

७. आधी गा

'सो व्हॉट'मधली माइल्स डेव्हिसची पहिली उपज गाण्याजोगी आहे. सूर थोडे, मधे भरपूर जागा. मोबाईलवर वेग अर्धा करून एकेक वाक्य तोंडपाठ करा. त्याने कुठे वाजवलं नाही, तेही पाठ करा. मी त्यातून जितकं शिकलो तितकं कोणत्याही पुस्तकातून शिकलो नाही.

ब्लूजचा गंधार तर गायल्याशिवाय कळतच नाही. तो कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो आणि पेटीवर त्या मधल्या जागेला पट्टीच नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत ज्या घराण्याची गायकी रुजवली, त्या किराणा घराण्याचा सगळा जीव सुराच्या लगावात. तो लगाव ऐकलेल्या कानाला ब्लूजचा गंधार चटकन सापडतो. पेटीवर वाजवताना कोमल गंधाराचा निसटता कण देऊन शुद्धावर या. पियानोवालेही हेच करतात.

८. बँडवाल्यांना गाठा

जॅझ एकट्याने शिकता येत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये तो वाढला तोही रस्त्यावरून मिरवणुकीत वाजणाऱ्या बँडांच्या संगतीत. आपल्याकडे क्लॅरिनेट, ट्रंपेट, साइड ड्रम हातात असलेली, कानाने चाल उचलणारी, तासन्‌तास दम टिकवणारी माणसं प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत आणि त्यांच्या कलेकडे वरातीपलीकडे कोणी बघत नाही. मला याची फार खंत वाटते. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नसतात, तेव्हा त्यांना वेळ असतो. जाऊन विचारा.

माझ्यासोबतच्या साइड ड्रमवाल्याला जॅझमधला झांजेचा ठेका ऐकवला, तर त्याने तो लगेच उचलला. क्लॅरिनेटवाल्याला काफी माहीतच होता, सा सरकवायला वेळ लागला. मग आम्ही चार-चार बारांची देवाणघेवाण सुरू केली. चार बार एका वाद्याचे, पुढचे चार ड्रमचे. तीनतालाचं एक आवर्तन तुझं, एक माझं. लावणीच्या फडात वाढलेल्या माणसाला सवाल-जवाब समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच की ड्रमवाला वाजवत असताना फेरी थांबत नाही. त्याच्या सोळा मात्रा संपतात तिथेच सा काळी दोनवर गेलेला असू शकतो आणि क्लॅरिनेटला नेमकं तिथेच उतरायचं असतं. आम्ही सध्या हेच करतोय : ड्रम वाजत असताना बाकीच्यांनी मनातल्या मनात थाट म्हणत राहायचा आणि एकदम सोळाव्या मात्रेनंतर आत यायचं.