ओट्यामागची टाइल कुठे थांबवावी?

डोंबिवलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बिल्डरनं ओट्याच्या वर दोन फूट टाइल लावून दिली होती. बहुतेक इमारतींत तेवढीच मिळते. पण आपल्याकडे रोज फोडणी असते, सणावाराला कढईभर तळण. मोहरी तडतडली की तेलाचे थेंब उडतात आणि वाफेबरोबरचा तेलकटपणा तर थेट छतापर्यंत जातो. शेगडीमागे टाइल जिथे संपते त्याच्या वर पिवळा पट्टा उमटला, त्यावर पिठाची धूळ बसली. पुसायला गेलं की डिस्टेंपर फडक्यावर यायचा आणि डाग भिंतीवरच राहायचा. पुढे नवा रंग दिला, तोही त्या तेलकट जागी धरेना, पापुद्रे सुटले.

नूतनीकरणाच्या वेळी मिस्त्री म्हणाला, "ताई, छतापर्यंत मारून टाकू, कटकटच नको." ऐकायला सोपं वाटतं. हिशेब करून बघा. ओटा दहा फूट लांब असेल तर दोन फुटांच्या पट्ट्याला 20 चौरस फूट टाइल लागते. ओट्यापासून छतापर्यंत साधारण सव्वासहा फूट भिंत उरते, म्हणजे साठाच्या वर. त्यातली बरीचशी वरच्या कपाटांमागे कायमची झाकून जाते. शिवाय कपाटं ठोकताना ड्रिलनं टाइल तडकते, ते वेगळंच. तिथे नुसतं प्लास्टर बरं.

म्हणून मी भिंतीचे तुकडे पाडले. शेगडीमागे, दोन्ही बाजूंना हातभर जास्त धरून, टाइल छतापर्यंत. चिमणी असली तरीही, कारण चिमणी सगळं ओढत नाही. सिंकमागे आणि बाकी ओट्याला कपाटांच्या तळापर्यंत. फ्रिजच्या भिंतीला टाइल नाहीच, तिथे धुता येणारा रंग पुरतो.

टाइलचं मापही आधी ठरवा. ओटा आणि कपाट यांत दोन फूट अंतर असेल तर एक फूट बाय दोन फुटाची टाइल न कापता बसते. बारा बाय अठरा इंचाची आडवी लावली तर दोन ओळी नेमक्या येतात, उभी लावली तर वर सहा इंचांची चिंधी जोडावी लागते. शेगडीमागचे सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरू नका, हळद त्यात मुरते ती निघत नाही. इपॉक्सी ग्राउट महाग पडतं, पण ते तिथे घ्याच. मिक्सर आणि वॉटर प्यूरिफायरचे पॉइंट टाइल लागण्याआधी काढून घ्या.

सगळ्यात कळकळीनं सांगते ते ओलीबद्दल. आमच्याच मजल्यावर एका घरी पावसाळ्यात पाझरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर आतून छतापर्यंत टाइल लावली. डाग दिसेनासे झाले, पाणी मात्र येतच राहिलं. पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या खोलीतल्या भिंतीला मिठासारखी पूड सुटली आणि टाइलवर बोटांनी वाजवलं तर पोकळ आवाज येऊ लागला. टाइल समोरून उडालेलं पाणी अडवते, मागून येणारं नाही. आधी बाहेरची तड बुजवा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच टाइल.

आणि पाच-सहा टाइल्स खोक्यासकट माळ्यावर ठेवा. खोक्यावर बॅच नंबर असतो. पुढे एखादी फुटली तर त्याच छटेची दुकानात मिळेलच असं नाही.